जिन्याखालचा आड

आमच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट करावं की करू नये, यावर सोळा बिऱ्हाडांत दुमत कधीच नव्हतं. सोळा मतं होती.

इमारत नारायण पेठेतली. चार मजले, दर मजल्यावर चार घरं, लिफ्ट नाही, गच्चीवरच्या टाकीच्या भेगेत पिंपळ. १९७८ साली बांधली तेव्हा गल्लीतली पहिली ‘सिमेंटची’ म्हणून लोक बघायला यायचे म्हणे. त्याआधी तिथे वाडा होता. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा त्या वाड्यात माडीपर्यंत पाणी चढलं. पाणी उतरलं, पण भिंतींनी ओल काही सोडली नाही. मालक आणि भाडेकरू पुढची सोळा वर्षं ‘दुरुस्ती आधी कोण करतो बघू’ म्हणून एकमेकांकडे बघत राहिले, आणि अखेर वाड्यानेच एक भिंत पाडून कोंडी फोडली. मग वाडा गेला, भाडेकरूंना फ्लॅट मिळाले. तेव्हा आमच्या घराला हे काही नवीन नव्हे. फक्त मागच्या वेळी सभा झाल्या नव्हत्या, एवढाच फरक.

यावेळी झाल्या. किती झाल्या ते मोजणारे आमचे सेक्रेटरी आता मोजायचं सोडून विपश्यनेला जातात.

सगळ्यांचं म्हणणं खरं तर एकच होतं: इमारत नवी कोरी हवी, आणि तिच्यात काही बदललेलं नको. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना लिफ्ट हवी होती, पण लिफ्ट आहे म्हणून पाहुण्यांची ये-जा वाढायला नको. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना एक खोली जास्त हवी होती, पण मेंटेनन्स महिना पाचशेच राहावा. तळमजल्यावरच्या डॉक्टरांना वरचा मजला हवा होता आणि पेशंटना तो तळमजलाच वाटावा अशी काही सोय. जिन्याखाली टेबल टाकून तीस वर्षं इस्त्री करणारे दादा सभासद नव्हते, पण सगळ्यांचे झब्बे त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांचंही मत विचारात घ्यावं लागे. ते म्हणाले, ‘माझं काय, जिना असला की झालं.’ इतकी माफक अट सोळा फ्लॅटधारकांत एकाचीही नव्हती.

पहिल्या तीन सभा एका घोटाळ्यातच गेल्या. पुण्यात पीएमसी म्हणजे महापालिका, हे शेंबडं पोरही सांगेल. रिडेव्हलपमेंटमध्ये मात्र पीएमसी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, म्हणजे सोसायटीने नेमायचा सल्लागार. ‘पीएमसीची फी ठरवणे’ असा विषय वाचल्याबरोबर बँकवाले काका उभे राहिले. ‘फी कसली? मिळकतकर भरतो की आपण!’ त्यांना समजावण्यात एक सभा गेली. समजल्यावर, मग हा दुसरा पीएमसी कशाला, या प्रश्नात दुसरी. तिसऱ्या सभेला तो सल्लागार स्वतः आला, आणि कोणीतरी त्याला गल्लीतला कचरा दोन दिवस का उचलला नाही, असं विचारलं.

त्यात सरकारी नियम. शासनाच्या ४ जुलै २०१९च्या निर्णयाप्रमाणे रिडेव्हलपमेंटच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांनी हो म्हणायला हवं, आणि सभेचं व्हिडिओ चित्रीकरण हवं. आमच्या हिशेबात अकरा डोकी आणि नऊ होकार. अकरा डोकी जमायची मारामार होती. ज्या दिवशी व्हिडिओवाला आला त्या दिवशी पंधरा आली. वहिनींनी नारायणपेठी साडी नेसली होती, काकांनी कोट घातला होता, एप्रिलमध्ये. भांडणं नेहमीचीच झाली, पण प्रत्येक जण शेजाऱ्याला टोमणा मारून झाल्यावर कॅमेऱ्याकडे बघायचा.

याच सभेत बिल्डर पहिल्यांदा आला. माणूस गोड. पन्नाशीचा, कपाळाला गंध, हातात दोन मोबाइल. त्याने सांगितलं की सगळ्याचं मूळ रस्त्यात आहे. रस्ता नऊ मीटरचा असेल तर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क, वापरता येतो, म्हणजे मजले चढतात, म्हणजे विकायला फ्लॅट मिळतात, म्हणजे आम्हाला फुकटात जास्त जागा. आमची गल्ली कागदावर साडेसात. ही गल्ली अरुंद आहे याचं गेल्या दोनशे वर्षांत कोणाला वाईट वाटलेलं नव्हतं. उलट समोरच्या घरातली फोडणी कसली आहे ते आपल्या गॅलरीतून कळतं, याचं आम्हाला कौतुकच. पण त्या रात्री सगळ्यांना अचानक गुदमरायला लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी दूध आणायला उतरलो, तर काका आणि डॉक्टर टेपचं एकेक टोक धरून गल्लीच्या दोन बाजूंना ओणवे. ‘भिंतीला घट्ट लावा हो,’ काका ओरडत होते. ताणून ताणून टेप सात मीटर साठच्या पुढे गेली नाही.

पण मी सभेचं सांगत होतो. काकांनी बिल्डरला विचारलं, चाळीस टक्के जास्त एरिया का नाही देत? बिल्डरने हात जोडले. ‘काका, एफएसआयच नाही, प्लॉटवर तेवढं बांधायचा हक्कच नाही, तर मी देऊ कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’

शेवटच्या रांगेतून आईचा आवाज आला, ‘आड आहे. जिन्याखाली.’

सगळे हसले. बिल्डर सगळ्यांत जास्त हसला. इतिवृत्तात सेक्रेटरींनी ‘(हशा)’ अशी नोंद केली आणि सभा पुढे सरकली. आई काही हसली नाही, पण तिला ऐकू कमी येतं, तेव्हा आम्ही तिकडे फार लक्ष दिलं नाही.

रस्त्याचा प्रश्न पुढे सुटला. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या बाजूने जागा सोडायची आणि नऊ मीटर करायचे, असं ठरायला दोन वर्षं लागली. आमच्या वाट्याला कुंपणाची भिंत मागे घेणं आलं, आणि तिच्याबरोबर तो पारिजातक, ज्याची फुलं कोणाच्या हद्दीत पडतात यावर दोन पिढ्यांनी अबोला धरला होता. तो वाद मिटला, याचं मात्र थोडं चुकल्यासारखं वाटतं.

तरी आम्ही नशीबवान. माझा शाळेतला मित्र शनिवारवाड्याच्या मागे राहतो. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, असं २०१० साली कायद्यानेच पक्कं झालं. पुढच्या दोनशे मीटरला परवानगी घ्यावी लागते. १७३० साली पहिल्या बाजीरावाने जागा निवडताना आपल्या मित्राच्या खापरपणजोबांना विचारायला हवं होतं, असं आम्ही त्याला म्हणतो. त्याच्या वाड्याला गेली कैक वर्षं शंभर मीटरचं सोवळं आहे: शिवायचं नाही, पाडायचं नाही, बांधायचं तर नाहीच. टेकू मात्र वाढत चाललेत. मागच्या पावसाळ्यात गेलो तर तो म्हणाला, ‘जिन्याने जरा कडेकडेने ये, आणि शिंकायचं असेल तर बाहेर शिंक.’

मग आला मोजणीचा दिवस. बिल्डरकडचा पोरगा लेसरचं यंत्र घेऊन आला. काडेपेटीएवढं यंत्र, भिंतीला टेकवलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका. आईने त्याला बूट काढायला लावले, चहा दिला, आणि ठिपका देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या नाकावर पडला तेव्हा ‘देवाला मोजत नाहीत’ म्हणून ओरडली. १९७८च्या कागदावर आमचं घर ६४० चौरस फूट होतं. यंत्र म्हणालं, कार्पेट ५४८.

‘बाकीचे ९२ फूट?’ मी विचारलं.

‘ते बिल्टअप होतं, सर. भिंती वगैरे.’

म्हणजे सत्तेचाळीस वर्षं आम्ही ९२ फूट भिंतींत राहत होतो. आई म्हणाली, ‘मी रोज झाडते. मला तर जास्तच भरतं.’ पोराने ते लिहून घेतलं नाही.

खरा हाहाकार संध्याकाळी झाला. समोरच्या काकांचं कार्पेट ५५१ निघालं. नकाशावर आमची दोन्ही घरं एकाच मापाची, आरशातल्यासारखी. मग हे तीन फूट आले कुठून? वहिनींनी खात्रीलायक बातमी आणली की काकांनी आदल्या रविवारी हॉलमधलं लाकडी पॅनेलिंग उतरवलं होतं. मीही तीच बातमी तिघांना सांगितली, हे कबूल करायला हवं. काकांच्या हातचा लसणाचा ठेचा आमच्याकडे दर श्रावण संपला की यायचा. त्या वर्षी आला नाही. तीन चौरस फुटांत, मी नंतर मोजून पाहिलं, एक माणूस धड मांडी घालून बसू शकत नाही.

करारावर सह्या झाल्या आणि छत्तीस महिन्यांचं भाडं मिळायचं ठरलं. आता प्रश्न, राहायचं कुठे? आईने जाहीर केलं, पेठेच्या बाहेर जाणार नाही. अडचण अशी की पेठेत जिकडेतिकडे रिडेव्हलपमेंटच चाललेलं, आणि प्रत्येक पाडलेल्या इमारतीतली सोळा-वीस बिऱ्हाडं पेठेतच भाड्याचं घर शोधत हिंडत होती. जी घरं शिल्लक होती ती आज ना उद्या पाडायचीच. एजंटने दाखवलेल्या पहिल्या घरात लिफ्ट बंद होती, दुसऱ्यात गच्ची गळत होती, तिसऱ्यात अजून माणसं जेवत होती. सप्टेंबर २०२४मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रो जमिनीखालून सुरू झाली, तेव्हापासून एजंट लोकांना मंडई स्टेशन सगळीकडून ‘पाच मिनिटांवर’ दिसायला लागलं आणि त्या प्रत्येक मिनिटाचे त्यांनी हजार रुपये लावले.

आमच्याच गल्लीत, बरोबर समोर, तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होतोय असं मला कळलं. मी कोणाला बोललो नाही. दुपारी तीनची वेळ मुद्दाम साधली, कारण पेठेत एक ते चार कोणी जागं नसतं. दबकत जिना चढलो, तर दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर खाली उतरत होते.

‘सहज आलो होतो,’ ते म्हणाले.

‘मीही,’ मी म्हणालो.

वर मालकांच्या दारात काका बसलेले, वहाणा काढून, पाण्याचा ग्लास हातात. आम्ही एकमेकांकडे बघितलं. पॅनेलिंगनंतर सहा महिन्यांनी बोललेला पहिला शब्द त्यांचा होता. ते म्हणाले, ‘तू घे. तुझ्या आईला जिन्याची सवय आहे. मी आपला मुलाकडे बाणेरला जातो.’ आणि चष्मा पुसायला लागले. बाणेर त्यांनी असं उच्चारलं की ऐकणाऱ्याला बोर्निओ वाटावं.

तेव्हा आम्ही आता समोर राहतो. आईने खिडकीशी खुर्ची टाकली आहे. आपली इमारत पाडताना बघून तिला त्रास होईल, म्हणून बायकोने आधी पडदे लावले होते. ते आईने दुसऱ्याच दिवशी काढले. सकाळी नऊला पाडकाम सुरू व्हायचं आणि आईचं पर्यवेक्षण साडेआठला. कोणाच्या चौकटी सागवानी निघाल्या, कोणाच्या ‘नुसत्याच रंगवलेल्या’, जुन्या बाजारात आता काय काय दिसेल, न्हाणीघराची आमची फरशी कोणत्या टेम्पोत गेली, सगळं तिच्याकडे नोंद. पाणी न मारता भिंत पाडली की ती वरून हाका मारते, ‘अरे धुरळा!’ कामगार आता भिंतीला हात घालण्याआधी खिडकीकडे बघतात. इस्त्रीवाले दादा आमच्या या जिन्याखाली आले आहेत. त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

मागच्या मंगळवारी खोदाई चालू असताना पोकलेनचा आवाज मध्येच बंद पडला. खाली गलका. जिथे पूर्वी आमचा जिना होता तिथली जमीन खचली होती, आणि पोकलेनवाला केबिनमधून उडी मारून लांब जाऊन विडी शोधत होता. अर्ध्या तासाने तरुण साइट इंजिनिअर धापा टाकत तीन मजले चढून वर आला. पिवळं हेल्मेट काखेत.

‘आजी, खाली विहीर निघाली. दगडी बांधकाम आहे, पाणी पण आहे. माती परीक्षणाची दोन भोकं कोपऱ्यांत घेतली होती, त्यात काही आलं नाही. कोणीतरी म्हणालं, तुम्हाला माहीत असेल.’

‘विहीर नाही, आड,’ आई म्हणाली. ‘वाडा पाडला तेव्हा वर फरशा टाकून राडारोडा लोटला. मी उभी होते तिथे.’

‘मग आधी सांगायचं ना, आजी!’

‘सांगितलं होतं. व्हिडिओ आहे.’

इंजिनिअर माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

‘आता उपसणार का तो?’ आईने विचारलं.

‘उपसावाच लागेल. उपसून, भरून, मग पुढचं काम.’

आई खुर्चीत जरा सावरून बसली. १९७१ साली लग्न होऊन ती वाड्यात आली आणि महिन्याच्या आत तिच्या हातून रुखवतातली कळशी आडात पडली. गळ टाकला, त्यात शेजाऱ्यांची हरवलेली बादली निघाली, कळशी नाही. माझी आजी, म्हणजे आईची सासू, गेली १९९६ला. तोवर, कोणत्याही विषयावरून सुरुवात झाली तरी बोलणं शेवटी त्या कळशीवर यायचं. यातलं निम्मं मला माहीत होतं. बादलीचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

‘तांब्याची आहे,’ ती इंजिनिअरला म्हणाली. ‘काठाखाली माझ्या वडिलांचं नाव घातलंय. चेपली असली तरी चालेल.’

त्याने हेल्मेट खाली ठेवलं, खिशातून वही काढली आणि खरंच लिहून घेतलं: ‘कळशी, तांबे, नग एक.’