एका ‘किंवा’पायी सहा वर्षं

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जुना कायदा रद्द करून नवा आणताना शेवटच्या ‘निरसन व व्यावृत्ती’च्या (जुनं काय रद्द, काय शाबूत हे सांगणाऱ्या) कलमावर सभागृहात वेगळी चर्चा व्हावी, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते ही कामाला खीळ आहे. कायद्यांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट 1897 चं कलम 6 जुने हक्क आणि चालू दावे सांभाळतंच, मग काथ्याकूट कशाला?

कलम 6 तसं सांभाळतं खरं, पण नव्या कायद्यात वेगळा उद्देश दिसत नसेल तरच. घोडं तिथेच पेंड खातं.

1894 चा भूसंपादन कायदा जाऊन नवा 1 जानेवारी 2014 ला लागू झाला. जुन्या संपादनांचं काय करायचं हे सांगणारं त्याचं कलम 24(2) म्हणतं : नवा कायदा लागू होताना निवाड्याला (मोबदला ठरवणाऱ्या सरकारी आदेशाला) पाच वर्षं उलटली, पण ताबा घेतला नाही किंवा मोबदला दिला नाही, तर जुनं संपादन व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. त्याच महिन्यात पुणे महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पैसे सरकारी तिजोरीत भरले म्हणजे मोबदला ‘दिला’ असं होत नाही. 2018 मध्ये दुसऱ्या पीठाने वेगळं मत दिलं. शेवटी मार्च 2020 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवलं की हा ‘किंवा’ ‘आणि’सारखा वाचायचा. ताबाही नाही आणि मोबदलाही नाही, तरच संपादन रद्द. पुण्याचा निकाल मोडीत निघाला.

माझ्या मामांनी 2015 साली याचिका केली होती, पुण्याच्या निकालाच्या भरवशावर. पैसे त्यांनी उचललेच नव्हते. ताब्याचा पंचनामा कागदावर झालेला, शेतात मात्र ज्वारी उभी. घटनापीठाने पंचनाम्यालाच ताबा मानलं, आणि वकिलांनी फाईल परत दिली. हरल्याचं दुःख मामांना आहेच, पण ‘हे आधीच सांगितलं असतं तर मी कोर्टाची पायरी चढलोच नसतो’ हे ते अजून बोलतात.

निव्वळ दुरुस्ती करणारे जुने कायदे, ज्यांचा मजकूर केव्हाच मूळ कायद्यात मिसळलाय, ते एका विधेयकात शेकड्याने काढा. तिथे मी तुमच्याच बाजूचा.

पण लोकांची जमीन, नोकरी, खटले ज्यावर उभे आहेत तो कायदा बदलताना व्यावृत्तीच्या कलमाखाली उदाहरणं हवीत. 1860 च्या दंड संहितेत ती होतीच, ‘क’ आणि ‘य’ अशा काल्पनिक माणसांची. 24(2) खाली एवढंच असतं : ‘क’च्या जमिनीचा निवाडा 2005 चा, ताबा घेतला, पैसे तिजोरीत पडून. संपादन टिकेल का? मसुदा करणाऱ्याला तिथेच हो किंवा नाही लिहावं लागलं असतं, आणि कुणीतरी आमदार-खासदार उठून ‘का?’ विचारू शकला असता.

अशी दोन-चार उदाहरणं विधेयकात छापावीत आणि खंडशः (कलमवार) विचाराच्या वेळी मोठ्याने वाचावीत, ही माझी मागणी. ती मी मागे घेत नाही.