मांजर द्यायच्या आधी खाण्याचं विचारा

बडोद्यात मांजरं दत्तक देणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. गोंडस फोटो टाकायचा आणि जो पहिला फोन करेल त्याच्या हाती पिल्लू द्यायचं, हे थांबवा.

आधी विचारा, खायला काय घालणार? "दूध-पोळी" हे उत्तर आपल्याकडे सर्रास येतं. दांडिया बाजारातली मराठी घरं असोत की शेजारची गुजराती, कित्येकांकडे अंडंसुद्धा येत नाही. ज्याची त्याची रीत. पण मांजर हा पक्का मांसाहारी जीव. टॉरीन नावाचं द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की नजर जाते, हृदय कमकुवत होतं. हृदयाचा हा आजार टॉरीनच्या कमतरतेमुळे होतो हे १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झालं आणि मग तयार खाद्यात टॉरीन वाढवलं गेलं. दुधाचं म्हणाल तर बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचतच नाही, जुलाब होतात.

म्हणून शाकाहारी घराला सरळ विचारावं, मांस-मासळी असलेलं पाकिटातलं खाद्य चालेल का? आनंदाने हो म्हणणारी घरं आहेत. एका आजींनी गॅलरीत वेगळा डबा ठेवलाय, त्यावर मोठ्या अक्षरात 'मनीचा' लिहिलंय, वाटी घासायची घासणीसुद्धा निराळी. जे नाही म्हणतील त्यांना मांजर देऊ नये, त्यांनीही राग मानू नये.

गॅलरीला जाळी हवीच. मांजर पायांवरच पडतं म्हणून त्याला काही होत नाही, हा समज जबडे आणि पाय मोडायला लावतो.

आता स्वभावाचं. सत्तरीतल्या जोडप्याला पिल्लूच हवं असतं, "लळा लवकर लागतो" म्हणून. अहो, ते पहाटे तीनला पडद्यावर चढणार, चालताना पायात येणार! त्यांच्यासाठी तीन-चार वर्षांची शांत मांजर शंभरपटीने बरी, आणि नेमकी तीच मागे राहते. अमेरिकेतल्या 'एएसपीसीए' या प्राणी-कल्याण संस्थेने मोठ्या मांजरांचा धीटपणा आणि माणसाळलेपणा तपासून नऊ स्वभाव ठरवले, त्यावरून घर जुळवायचं. आपल्याला एवढा खटाटोप नको. रोज खाऊ घालणाऱ्याला विचारा: पाहुणे आले की पुढे येते का? कुकरच्या शिट्टीला पळते का? लहान मुलांच्या गोंगाटात जेवते का?

नव्या घरी ती सुरुवातीला कपाटाखाली बसेल. ओढून काढू नका. एका खोलीत पाणी, खाणं, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे ठेवा आणि तिला तिच्या वेळेने बाहेर येऊ द्या. दोन दिवसांत "आमच्याशी जमत नाही" म्हणून परत आणू नका.

माझ्याकडे सध्या एक मोठी, शांत काळी मांजर आहे. हवी असेल त्यांनी मेसेज करा. घर बघायला मी येईन, आणि जाळी नसेल तर ती लावून होईपर्यंत ही मांजर माझ्याकडेच राहील.