नऊवारीला चेन लागली तेव्हाच तिचा गाउन झाला

लग्नसराई जवळ आली की ठाण्याकडून येणाऱ्या व्हॉइस मेसेजची लांबी वाढते. इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये, मी भांडी घासता घासता ते ऐकते. यंदा भाचीचं लग्न आहे आणि दोन भांडणं एकात एक गुंतली आहेत. पहिलं जुनंच: नवरीने रिसेप्शनला गाउन घालावा की नाही. दुसरं त्या मानाने नवं. 2025 साली मराठा समाजाच्या बैठकांमधून लग्नाची आचारसंहिता ठरली: मोजकी माणसं बोलवा, डीजे नको, प्री-वेडिंग शूट नको. त्यामुळे गाउनला विरोध करायला लोकांना आता संस्कृतीच्या जोडीला काटकसरही सापडली आहे. आमचे ठाण्याला चरईत राहणारे मामा दोन्ही एकाच दमात म्हणतात, "आपलं नाही, आणि परवडणारंही नाही."

मामांच्या या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला पटत नाही आणि दुसरा अर्धवट पटतो.

"आपलं नाही" म्हणताना मामा विसरतात की तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमधून पांढऱ्या गाउनातल्या नवऱ्या बाहेर पडताना आम्ही लहानपणापासून पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणी घरी आपल्यासारखंच मराठी बोलतात. आणि "त्यांची परंपरा" म्हणावी, तर तीही फार जुनी नाही. इंग्लंडात आधी नवरी आपला असेल तो चांगला पोशाख घालायची, रंग कुठलाही. 1840 साली राणी व्हिक्टोरियाने लग्नात पांढऱ्या सॅटिनचा गाउन घातला, त्यावर डेव्हन परगण्यात हाताने विणलेली होनिटन लेस लावली. यंत्राच्या लेसमुळे मार खाणाऱ्या देशी कारागिरांना काम मिळावं हाही त्यात हेतू होता. म्हणजे आज आपण येवल्याच्या विणकरांसाठी पैठणी घ्या म्हणतो, त्याच जातीची ही गोष्ट. पुढे पांढऱ्या गाउनची ही रीत श्रीमंतांत पसरली, मग सगळ्यांत.

हा गाउन इथे विकत कसा घेतात ते पाहण्यासारखं आहे. ऑफिसातल्या एका मुलीबरोबर मी दुकानात गेले होते. आधी वेळ घ्यावी लागते. दुकानात प्रत्येक डिझाइनचा एकच नमुना, एकाच मापाचा. ती आत जाऊन आली तेव्हा समोरून राजकन्या दिसत होती, आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत मोठमोठे चिमटे लावून कापड आवळलेलं, सुतारकामात असतात तसले. एरवी बारा नंबरचे कपडे घालणाऱ्या त्या मुलीला सोळा नंबर लागेल असं सांगितलं, कारण लग्नाच्या पोशाखांची मापं लहानच धरलेली असतात. तिचा चेहरा पडला तो पडलाच. मग ऑर्डर, सहा-आठ महिने थांबणं, आल्यावर पुन्हा उंची कमी करा, कंबर आत घ्या, मागचा घोळ उचलून अडकवायला आतून लूप लावा. या सगळ्याचं बिल वेगळं. घातला एक दिवस. नंतर ड्रायक्लीन करून खोक्यात, खोकं माळ्यावर.

गोऱ्यांनाही हे आताशा जड जायला लागलं आहे. ऑक्सफॅमच्या काही दुकानांत वापरलेल्या लग्नाच्या पोशाखांचा वेगळा विभाग असतो आणि तिथे मुली आनंदाने येतात. 2020 साली राजकन्या बिअॅट्रिसने आजीचा, म्हणजे राणी एलिझाबेथचा, जुना गाउन बाह्या लावून घेऊन लग्नात घातला. 2021 साली तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या नवरीने 45 पौंड भाड्याचा पोशाख घातला, आणि त्याचं इथे कौतुकच झालं.

या बातम्या वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की ही सगळी सोय आपल्या साडीत मुळातच होती. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर अखंड कापड. त्याला माप नाही, चिमटे नाहीत, बारा नंबर नाही आणि सोळाही नाही. आईची तिला बाळंतपणानंतरही होते, मावशीची भाचीला होते, जाडजूड आत्याची सडपातळ सुनेला होते. आलिया भटने 2022 ला लग्नात नेसलेली साडीच 2023 ला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार घ्यायला नेसली, तर बातम्या झाल्या. आमच्या आजीच्या शालूने घरातली निम्मी लग्नं काढली, कुणी बातमी केली नाही.

आणि आता मामांना विचारायचं ते इथे. मुहूर्ताला जी "आपली" नऊवारी सगळ्यांनी बिनविरोध मंजूर केली आहे, ती शिवलेली आहे.

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडच्या आसपास, दुकानात साडी पसंत केली की बाई विचारते: पेशवाई, मस्तानी की ब्राह्मणी? मग कंबर, उंची आणि मांडीचा घेर घेते. साडी कापली जाते. निऱ्या टीप मारून पक्क्या, ओचा शिवलेला, काष्टा शिवलेला, कमरेला बेल्ट, आत हूक, बाजूला चेन, आणि मागितलात तर मोबाइलला खिसा. पायजमा चढवावा तशी ती चढवायची. नवरी दोन मिनिटांत तयार. पण ती साडी आता एकाच बाईची. दोन किलो वजन वाढलं की तिचीही नाही. धाकट्या बहिणीला उंचीला होत नाही, उसवली तर मध्ये कापलेली. ज्या गाउनला आपण नाकं मुरडतो त्याचे सगळे दुर्गुण तिच्यात आले: मापाची, एका दिवसाची, माळ्यावरची. नुसता काठ तेवढा पैठणीचा.

मला शिवलेल्या नऊवारीचा राग नाही. इथल्या मंडळाच्या गणपतीत आम्ही बहुतेक जणी तीच घालतो, आणि परदेशात राहून संस्कृतीचे सर्वांत कडक चौकीदार आम्हीच असतो, हे वेगळंच. नेसवणारं माणूस घरात उरलेलं नाही. होमासमोर तास दीड तास मांडी घालून बसताना काष्टा सुटेल ही धास्ती खरी असते. शिवणाऱ्या बायकांचं घर त्यावर चालतं. पण हजार-दोन हजारांच्या साध्या साडीची शिवून घ्या की. सणावाराला ती उत्तम. कात्री चांगल्या पैठणीला लागते तेव्हा जीव तुटतो. लग्नाच्या दिवशी तरी मेकअपवाल्या बाईंनाच नेसवायला सांगता येतं. नेसवून देणाऱ्या बायका ठाण्यात आजही मिळतात.

गंमत म्हणजे ज्या पोशाखाची सगळ्यात जास्त चेष्टा होते, तो या हिशेबात सगळ्यात शहाणा निघतो. ठाण्याच्या उपवन तलावावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी पाहिलं असेल: नवरी कठड्यापाशी उभी, लालभडक गाउन, पंधरा फुटांचा ट्रेल, म्हणजे मागे लोळणारा घोळ. फोटोग्राफरचा पोऱ्या ट्रेलचं टोक धरून उभा. "वन, टू, थ्री, फेक!" तो ट्रेल हवेत भिरकावतो आणि स्वतः फ्रेमबाहेर पळतो. चांगला फोटो येईपर्यंत हे चालू. हसू येतं खरं. पण तो गाउन भाड्याचा असतो. पाठीला दोऱ्या असतात, त्यामुळे कुणालाही आवळून बसतो. काल डोंबिवलीची घालून गेली, उद्या कळव्याची येईल. हौस फिटली, डिपॉझिट परत, कपाटात अडगळ नाही. आचारसंहितेने प्री-वेडिंग शूट बंद करायचं ठरवलं ते कर्जं थांबावीत म्हणून, आणि ऋण काढून केलेल्या लग्नांची राज्याला लागलेली झळ मी इथून नाकारणार नाही. पण खर्चाचा डोंगर भाड्याच्या गाउनाने होत नाही. तो हॉल, जेवण, मानपान आणि दोन्हीकडच्या आहेराने होतो. त्या यादीला हात लावायचा म्हटलं की आमच्याच ग्रुपवर शांतता पसरते.

इथे मला एक गोष्ट खरंच हेवा वाटण्यासारखी दिसते. माझ्या त्या सहकारी मुलीने गाउनचे पैसे स्वतः भरले आणि हॉलचे दोघांनी मिळून. तिच्या वडिलांनी हौसेने वाइनचा खर्च उचलला, कुणी मागितला नव्हता. बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या लोकांच्या दुकानांत मात्र आजही चित्र वेगळं आहे. लेहेंगा मुलगी निवडते, घासाघीस आई करते आणि कार्ड बाप काढतो. लेस्टर असो की ठाणे.

म्हणून भाचीला मी रिसेप्शनचा गाउन भाड्याने घे म्हटलं आहे आणि पैठणीला कात्री लावू नको म्हटलं आहे. गाउनचं भाडं ती आणि नवरा आपल्या पगारातून देणार आहेत. नवऱ्याची शेरवानीही भाड्यानेच येते आहे, आणि त्याबद्दल मामांनी अजून एकही व्हॉइस मेसेज पाठवलेला नाही.