फोटो लहान झाला, पण क्वालिटी तीच राहिली?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी फिरून येणारा निरोप असा: ‘फोनची मेमरी भरली? एक रुपया खर्च करू नका. सगळे फोटो स्वतःच्याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा. ५ एमबीचा फोटो ३०० केबीचा होतो, क्वालिटी तीच. मूळ फोटो बिनधास्त उडवा. कॉम्प्युटरवर असतील तर ९० टक्के क्वालिटीला सेव्ह करा किंवा झिप करा. पीएनजी केलेत तर गेलेली क्वालिटी परत येते. नाहीच आली, तर एआय आहे!’

एरवी मी अशा निरोपांवर गप्प बसतो. पण धाकट्या काकांनी हे वाचून पणजोबांच्या मोडीतल्या खरेदीखताचे फोटो असेच ‘हलके’ केले आणि मूळ फोटो उडवले. म्हणून लिहितोय.

‘क्वालिटी तीच.’ साधा हिशोब करू. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० गुणिले ३०००, एक कोटी वीस लाख ठिपके. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू १६०० च्या आसपास येते. १६०० गुणिले १२०० म्हणजे १९ लाख २० हजार. सहातले पाच ठिपके गेले. मग फरक दिसत का नाही? कारण बहुतेक फोनचा पडदाच १०८० ठिपके रुंद असतो. उभा फोटो १२०० रुंदीचा उरला तरी पडदा काठोकाठ भरतो. निरोप लिहिणाऱ्याने खोटं सांगितलेलं नाही, त्याने फक्त फोनवर पाहिलंय. छापायला द्या, मग कळेल: इंचाला ३०० ठिपके धरले तर मूळ फोटो १३ इंचांपर्यंत नीट छापता येतो, हा पाच इंचांच्या जरा पुढे गेला की संपला.

काकांच्या कागदाचं काय झालं ते पाहा. मोडी लिहिताना हात फारसा उचलत नाहीत, दोन शब्दांत जागाही सोडत नाहीत. अक्षर ओळखायचं ते वळणावरून आणि गाठीवरून. मूळ फोटोत बोरूची जी रेघ पाच ठिपक्यांची होती, ती आता दोनाची झाली. त्यात जेपीईजी (फोटो दाबून साठवायचा नेहमीचा प्रकार) चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यातले बारीक चढउतार टाकून देतं. (त्यामागचं गणित १९७४ मध्ये मांडणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद मूळचे बंगळूरचे.) आभाळ, भिंत, गाल यांना हे चालून जातं. शाईच्या काठाला मात्र करडी बुरशी धरते. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, ‘सर्व्हे नंबरात हा १ आहे की ९?’

आणखी एक गोष्ट जाते: फोटो कधी आणि कुठे काढला ही आतली नोंद. फाइलच्या नावात पाठवल्याची तारीख बसते. दहा वर्षांपूर्वीचं लग्न गॅलरीत गेल्या मंगळवारी लागलेलं दिसतं. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.

‘९० टक्के क्वालिटी.’ यात थोडं तथ्य आहे. १०० वरून ९० वर आलं की फाइल बरीच उतरते आणि डोळ्यांना सहसा काही जाणवत नाही. पण हे ‘टक्के’ नव्हेत, नुसत्या पट्टीवरचा आकडा आहे. एका अ‍ॅपचं ९० दुसऱ्याच्या ९० सारखं असेलच असं नाही, फोटोशॉपची पट्टी तर १२ वरच संपते. आणि तोच फोटो उघडून, थोडा कापून, पुन्हा सेव्ह केला की नवी घट होते. नुसती कॉपी केल्याने काही होत नाही, ती भीती नको.

‘झिप करा.’ जेपीईजी आधीच दाबलेलं असतं. उसाचं चिपाड पुन्हा चरकात घालून रस किती निघणार? फार तर एकदोन टक्के.

‘पीएनजी केलं की परत येते.’ पीएनजी हा चित्र साठवायचा दुसरा प्रकार. तो काही टाकत नाही, पण आधीच गेलेलं परतही आणत नाही. पाणी घातलेलं दूध चांदीच्या भांड्यात ओतलं म्हणून घट्ट होत नाही. फाइल मात्र कित्येक पट फुगते. म्हणजे निघालो होतो जागा वाचवायला!

‘एआय आहे.’ एआय रेघ ठळक करेल, पण ती कल्पनेने. सर्व्हे नंबरात १ की ९ हे त्याने ठरवावं, असं तुम्हाला वाटतं का?

एकही ठिपका न गमावता जेपीईजी लहान करता येतं, पण ते थोडंच. जेपीईजीट्रॅनसारखी साधनं आतली मांडणी नीट लावून काही टक्के वाचवतात. जेपीईजी एक्सएल हा नवा प्रकार साधारण वीस टक्के वाचवतं आणि हवी तेव्हा मूळ फाइल तंतोतंत परत देतं, पण ते अजून सगळीकडे उघडत नाही. पुढचे फोटो हलके हवे असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईआयसी हा कमी जागा घेणारा प्रकार निवडा, आयफोनमध्ये ते २०१७ पासून आहे. जुने जेपीईजी मात्र त्यात बदलत बसू नका, तिथेही पुन्हा घट होते.

खरं तर आधी व्हिडिओ पाहा. आयफोनवर फोरकेचा एक मिनिट, सेकंदाला ३० फ्रेम धरून, कमी जागेच्या सेटिंगमध्येही १७० एमबीच्या घरात जातो. काकांच्या फोनमध्ये नातवाच्या स्नेहसंमेलनाचा सलग अकरा मिनिटांचा व्हिडिओ होता, त्यातली नऊ मिनिटं समोरच्या माणसाच्या टकलाची. तो काढला आणि जागाच जागा झाली.

खरेदीखत पुन्हा ट्रंकेतून काढावं लागलं. उलगडताना मधल्या घडीवर आणखी बोटभर फाटलं. या वेळी फोटो मी काढले, आणि काकांच्या फोनवर पाठवलेले नाहीत.