पाल्याचे उन्हाळी वाचन: सुजाण पालकांसाठी सूचना

पाचवीचा निकाल हाती पडला, की आपल्या पाल्याचे वाचनाचे दिवस संपले आणि वाचन-प्रकल्पाचे दिवस सुरू झाले, हे सुजाण पालकांनी प्रथम मान्य करावे. सहावीत जाणारे मूल आपल्या आवडीचे पुस्तक उचलून पंख्याखाली लोळत पडू लागले, तर मे महिन्याच्या सुट्टीला काही शिस्तच उरणार नाही. नाशिकमधील आमच्या कन्येच्या शाळेने हा धोका वेळीच ओळखला आणि सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर दहा पुस्तकांची यादी धाडली. तिलाच आदर्श मानून या सूचना लिहीत आहे.

पुस्तके आणायला जाताना मुलाला सोबत नेऊ नये. संच एका ठरावीक दुकानात आधीच बांधून ठेवलेला असतो आणि त्यातील पुस्तक घरी असले तरी ते वगळून उरलेली मिळत नाहीत, त्यामुळे निवडीचा प्रश्न उद्भवत नाही.

संचात यशाचे मार्ग, स्मरणशक्तीचे उपाय आणि स्पर्धा परीक्षेत चमकलेल्यांची दिनचर्या यांना अग्रस्थान असावे. अकरा वर्षांच्या मुलीला पहाटे उठून अग्रलेखाची टिपणे कशी काढावीत, हे आत्ताच कळायला नको का?

‘किशोर’ मासिक कटाक्षाने टाळावे. बालभारती ते १९७१ पासून काढते आणि त्याचे जुने अंक तिने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. जे फुकट मिळते त्याची पावती प्रकल्पाला जोडता येत नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर घरात दिसताच कपाटावर टाकावा. फुरसुंगीचा हा मुलगा सायकल हाणत नको तेथे नाक खुपसतो आणि मोठ्यांना विचारल्याशिवाय निर्णय घेतो.

सार्वजनिक वाचनालयाची पायरी मुलांना चढू देऊ नये. ‘सावाना’, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, ही संस्था १८४० पासून नाशिककरांना पुस्तके पुरवत आहे, परंतु एवढ्या काळात तिने एकाही वाचकाकडून पुस्तक परत घेताना बोध लिहून घेतल्याचे ऐकिवात नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाचीही तीच कथा: पुस्तकांच्या पेट्या नाशकातून निघून परदेशापर्यंत पोहोचल्या, पण सोबत पालकांच्या सहीचा रकाना काही गेला नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे बोध. प्रत्येक पुस्तकामागे एक छापील तक्ता भरायचा असतो: पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठसंख्या, पाच ओळींत बोध, वाचतानाचे छायाचित्र आणि पालकांची सही. मुले हुशार असतात. आमची कन्या आता पुस्तक हाती आले की आधी शेवटचे पान उघडते आणि बोध तेथे आयता सापडला, तर मधली पाने तशीच ठेवते. यादीत ‘श्यामची आई’ होते म्हणून मला बरे वाटले होते. साने गुरुजींनी १९३३ साली आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक तिने मात्र खरोखर वाचले, आणि पोहायला घाबरून दडून बसलेल्या श्यामला आई मारते, तेथे ती अडली. भीती वाटते म्हणून कोणी मारते का, यावरून रात्री जेवताना तिने माझ्याशी आणि तिच्या आजीशी कडाडून वाद घातला, आजीने श्यामच्या आईची बाजू घेतली, आमटी निवली आणि तरीही कोणी उठेना. दुसऱ्या दिवशी तिने बोधाच्या रकान्यात लिहिले, ‘आई चुकली असे मला वाटते, पण ती वाईट नव्हती.’ तक्त्याचे छायाचित्र समूहावर पाठवताच वर्गशिक्षिकेचे उत्तर आले: ‘कृपया बोध सकारात्मक लिहावा. नमुना सोबत जोडला आहे.’ नमुन्यात लिहिले होते की पोहणे आरोग्यास हितकारक असून मुलांनी नेहमी आईचे ऐकावे. त्याखाली इतर पालकांचे हात जोडलेले आणि अंगठे उंचावलेले. संध्याकाळपर्यंत तोच नमुना पंचवटीपासून इंदिरानगरपर्यंतच्या घराघरांतून वेगवेगळ्या हस्ताक्षरांत समूहावर परत येत होता.

छायाचित्रात मुलाने पुस्तक सरळ धरले आहे, एवढे पाहावे.

यापुढे सूचना लिहिणे मला जमणार नाही. बाई, एका मुलीने पुस्तक वाचून त्यावर स्वतःचे मत बनवले, आणि तुम्ही ते खोडायला लावलेत. शाळेत मराठी शिकवण्यासाठी तुमची नेमणूक झाली आहे, तक्ते जमा करण्यासाठी नव्हे. आणि अंगठे दाखवणाऱ्या पालकांनो, तुमच्यापैकी निम्म्यांनी बोध स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे; अकरा वर्षांच्या मुलाचे अक्षर इतके घोटीव नसते. तुम्हाला त्याचे वाचन नको आहे, सजवलेली फाईल हवी आहे. जून उजाडायला अजून अवकाश आहे. पोराला ‘सावाना’त न्या, कपाटांपुढे एकटे सोडा आणि स्वतः बाहेर थांबा. त्याने भुताची गोष्ट उचलली तर उचलू द्या, अर्ध्यावर टाकली तर टाकू द्या, आणि घरी आल्यावर त्याला काय शिकलास म्हणून मुळीच विचारू नका.