'कुत्रं नाही, हौस पाळली' म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, माझी जॅक रसेल टेरियर जातीची कुत्री चिंगी, तिच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टेरियर ही थंड देशातली जात, तिला विदर्भाच्या उन्हात आणणं हीच क्रूरता. तिची शिकारीची ओढ दोराला बांधून ठेवणं ही त्याहून मोठी. उंदरांसाठी गावठी कुत्रं पुरेसं आहे. शेजारच्या कोंबड्या मेल्या, त्याची भरपाई दिली का? आणि शेवटी, 'मॅडम, तुम्ही कुत्रं नाही, हौस पाळली आहे.'

आधी माझी चूक मान्य करते. जॅक रसेल ही जात 1819 साली तयार झाली असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. त्या वर्षी ऑक्सफर्डला शिकत असलेल्या जॉन रसेल यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री विकत घेतली. जात पुढे कित्येक वर्षांत घडत गेली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता हौस. मतभेद असू द्या, पण अनोळखी बाईशी बोलायची ही रीत नाही. मला गावात कोणी मॅडम म्हणत नाही, काकू म्हणतात. आणि तो शब्द तुम्ही आदराने लिहिला नव्हता, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

माझ्या बाबांच्या वावरात जागलीला तीन कुत्री असायची. मी सात वर्षांची असताना त्यातल्या काळूने झिंक फॉस्फाईड लावलेली कणकेची गोळी खाल्ली. ती उंदरांसाठी धुऱ्यावर टाकलेली होती. रात्रभर मी कोठ्यात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, पहाटे तो गेला. तेव्हापासून आमच्या घरात ते औषध आलेलं नाही. उंदीर मारायचे तर विष न घालता कसे मारायचे, हा प्रश्न मी हौस म्हणून सोडवत बसलेले नाही.

चिंगी मी विकत घेतलेली नाही. नागपूरला ओळखीच्यांच्या फ्लॅटमध्ये होती, दीड वर्षाची. दार खरवडायची, सोफा उकरायची, दिवसभर भुंकायची. ते तिला कुठेतरी नेऊन सोडणार होते. टेरियर हा शब्दच मातीवरून आला आहे. कोल्ह्याच्या बिळात शिरायचं आणि आतून भुंकत राहायचं, म्हणजे वरच्या माणसांना कुठे खणायचं ते कळावं, यासाठी ही कुत्री पिढ्यान्पिढ्या निवडली गेली. तिचा पांढरा रंगसुद्धा कोल्हा समजून तिच्यावर घाव पडू नये म्हणून. अशी कुत्री चौथ्या मजल्यावर सोफाच उकरणार! ती बिघडलेली नव्हती. तिला माती हवी होती.

आता दोर. तुम्ही लिहिता की मी तिला बांधून ठेवते. लेख नीट वाचला असता तर कळलं असतं की तो पंधरा फुटी दोर फक्त धुऱ्यावर लागतो. मागच्या पावसाळ्यात सोयाबीनच्या कडेला ती एका बिळापाशी थबकली. एक पाय उचललेला, शेपटी ताठ, अंग थरथरतंय. मी वाकून पाहिलं तर बिळाच्या तोंडाशी ताजी कात. उंदराच्या बिळात नाग राहायला येतो, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं, पण चिंगीला ते ठाऊक नाही. ती माघार घेणाऱ्यातली नाही. हाक मारून उपयोग नव्हता, तिचे कान तेव्हा बंद असतात. मी दोर हातावर गुंडाळत तिला मागे ओढलं, तळव्याला त्याचा वळ दोन दिवस होता. भाऊ, तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? दोर नको म्हणून तिला आत जाऊ दिलं असतं?

आणि तिची ओढ मी मारलेली नाही. गोठ्यामागे बैलगाडीएवढी जागा रेतीने भरून दिली आहे. रोज तिथे भाकरीचे तुकडे, कधी हाडूक पुरते, ती तासभर उकरत बसते. कुटाराचा ढीग हलवायचा दिवस तर तिचाच. पोतं उचललं की झेप, मानेत एक झटका, उंदीर टाकून लगेच दुसऱ्याकडे. खात नाही. 'सोड' म्हटलं की सोडते, कारण सोडल्यावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा मिळतो. हे शिकवायला मला आठ महिने लागले.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा ती सकाळी आठनंतर बाहेर नसते, कूलरसमोर ओल्या पोत्यावर असते. गावठी कुत्र्यांवर वाद नको, दोन माझ्याही अंगणात आहेत. बाकीचं सोडून देते.

कोंबड्यांचं मात्र सांगते, कारण तुम्ही ते चारचौघांत विचारलंत. तीन गेल्या. त्याच संध्याकाळी मी पैसे घेऊन गेले, शेजारच्या काकूंनी घेतले नाहीत. आठवडी बाजारातून चार तलंगा आणून दिल्या. त्यांच्या खुराड्याभोवती जाळी लावली, खालचा हातभर भाग बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरला, म्हणजे चिंगीने उकरलं तरी नखं जाळीलाच लागतात. हे लेखात लिहिलं नव्हतं. शेजाऱ्यांना काय दिलं ते गावभर सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.