शुक्राचे क्ष-किरण त्याच्या पोटातून येत नाहीत

शुक्र क्ष-किरण सोडतो, म्हणजे त्याचा पृष्ठभाग किरणोत्सर्गी तरी असणार किंवा तो आतून कमालीचा तापलेला तरी, आणि तो पृथ्वीजवळ आला की त्या किरणांचा आपल्याला धोका असतो, असा मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. शुक्राकडून क्ष-किरण येतात एवढेच त्यात खरे आहे.

तापमानाचा मुद्दा लवकर निकाली निघतो. शुक्राचा पृष्ठभाग सुमारे ४६० अंश सेल्सिअस, म्हणजे शिसे वितळेल इतका तापलेला आहे. पण एवढ्या उष्णतेने अवरक्त किरण निघतात. नुसत्या उष्णतेने क्ष-किरण निघायचे तर सूर्याच्या प्रभामंडलासारखे, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणासारखे, लाखो अंशांचे तापमान लागते.

किरणोत्सर्गाचा दावा मात्र नीट तपासायला हवा. जानेवारी २००१ मध्ये अवकाशातल्या ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीने शुक्राचे क्ष-किरण प्रथमच टिपले, तेव्हा उजळली होती ती फक्त सूर्याकडची बाजू, आणि तिच्यातही मध्यापेक्षा कडा अधिक तेजस्वी होती. किरणांची ऊर्जा ऑक्सिजन आणि कार्बन या अणूंच्या ठरावीक ऊर्जांशी जुळली. ऑक्सिजनची ही ऊर्जा सुमारे ०.५३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) आहे. सूर्याकडून आलेला क्ष-किरण शुक्राच्या हवेतल्या ऑक्सिजनच्या सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतो, मोकळ्या झालेल्या जागी बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन उतरतो आणि उरलेली ऊर्जा कधीकधी नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. कधीकधी म्हणजे शंभरात एखाद्याच वेळी, कारण एरवी ती ऊर्जा दुसऱ्या एखाद्या इलेक्ट्रॉनला बाहेर फेकण्यात खर्च होते. ही प्रतिदीप्ती जमिनीपासून शंभर किलोमीटरहूनही उंचावरच्या विरळ हवेत घडते. पृष्ठभागावरून असे किरण निघाले असते, तरी पृथ्वीच्या सुमारे नव्वदपट दाबाच्या त्या वातावरणातून ते वर येऊच शकले नसते.

सूर्याचा हात यात किती थेट आहे हे शनीवर दिसले. जानेवारी २००४ मध्ये सूर्यावर सौरज्वाला उसळली आणि तिचे किरण शनीपर्यंत पोहोचताच त्याच्या चकतीचे क्ष-किरणही वाढले, असे शास्त्रज्ञ अनिल भारद्वाज यांच्या गटाने दाखवले. तिथे मुख्यतः सूर्याचेच किरण हवेवर आपटून विखुरतात. गुरूच्या ध्रुवांवरच्या क्ष-किरणांना मात्र हे स्पष्टीकरण लागू नाही. ते त्याच्या चुंबकीय क्षेत्रातल्या वेगवान विद्युतभारित कणांमुळे निर्माण होतात, आणि हा फरक मान्य केलाच पाहिजे.

राहिला धोका. शुक्राकडून येणारे हे किरण इतके क्षीण असतात की ‘चंद्रा’ दुर्बिणीला ते एकेक करून मोजावे लागतात, आणि तेही अवकाशात राहून, कारण ते जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांना वरच्या वर शोषून घेणारी आपली हवा स्वतःही उन्हाच्या बाजूला याच रीतीने क्ष-किरण सोडत असते.